बातमीचा बोलविता धनी

पत्रकार आणि जनसंपर्क अधिकारी या दोघांचाही व्यवसाय माहितीवर चालतो, पण दोघांच्या निष्ठा वेगवेगळ्या जागी बांधलेल्या असतात. पत्रकाराचा पगार मालक देत असला, तरी तो काम वाचकासाठी करतो असे मानले जाते. वृत्तपत्रस्वातंत्र्याचा सगळा डोलारा याच गृहीतकावर उभा आहे. जनसंपर्क अधिकारी ज्या संस्थेकडून मोबदला घेतो तिची बाजू लोकांपुढे मांडतो. त्यात गैर काही नाही. कारखान्याला, रुग्णालयाला, महापालिकेला, एवढेच काय एखाद्या आंदोलनालाही आपले म्हणणे सांगण्याचा हक्क आहे, आणि ते नीट सांगता येणारा माणूस लागतोच. कोर्टात वकील अशिलाचीच बाजू मांडतो, पण तो कोणाचे वकीलपत्र घेऊन उभा आहे हे न्यायाधीशांना आणि समोरच्या पक्षाला ठाऊक असते. बातमीच्या जगात अनेकदा नेमके हेच ठाऊक नसते. या दोन्ही पेशांपुढचे बहुतेक नैतिक पेच खोदत गेले की याच ठिकाणी येऊन थांबतात : मजकुराचा बोलविता धनी कोण, हे वाचकापासून दडवलेले असते.

या दडवणुकीची सुरुवात फार साध्या ठिकाणी होते. जिल्ह्याच्या गावी निघणाऱ्या एखाद्या दैनिकाच्या कचेरीत संध्याकाळी ईमेलचा डबा उघडला, की त्यात प्रेसनोटांची रांग असते. जिल्हा माहिती कार्यालयाचे वृत्त, महापालिकेचा खुलासा, खासगी रुग्णालयातील अवघड शस्त्रक्रियेच्या यशाची हकिगत, शिक्षणसंस्थेचे स्नेहसंमेलन, साखर कारखान्याच्या गळीत हंगामाचा शुभारंभ. प्रत्येक नोट युनिकोडमध्ये टाइप केलेली, मथळ्यासकट, सोबत फोटो आणि फोटोखालची ‘डावीकडून’ने सुरू होणारी नावे. पाने सोडायची वेळ ठरलेली आणि डेस्कवर माणसे मोजकी. उपसंपादक दोन-चार विशेषणे काढतो, ‘मा.’ आणि ‘साहेब’ छाटतो, वर ‘प्रतिनिधी’ असा शब्द टाकतो आणि बातमी पानावर लावतो. सकाळी वाचणाऱ्याला वाटते, पेपरचा माणूस कारखान्यावर जाऊन आला.

कारखान्याच्या त्या नोटेत यंदाचे गाळपाचे उद्दिष्ट असते, अध्यक्षांचे भाषण असते, उसाला चांगला दर देण्याचे आश्वासन असते. गेल्या हंगामाची एफआरपी, म्हणजे उसाचा कायद्याने ठरलेला दर, थकली आहे का, हे मात्र त्यात नसते. ऊस कारखान्यावर पोचल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे मिळाले पाहिजेत, असे ऊस नियंत्रण आदेश १९६६ सांगतो आणि थकबाकीचे आकडे पुण्याच्या साखर आयुक्तालयाकडे असतात. एक फोन केला तर कळेल अशी ही गोष्ट आहे. जनसंपर्क अधिकाऱ्याने ती सांगितली नाही म्हणून तो खोटे बोलला असे होत नाही, कारण त्याने लिहिलेले प्रत्येक वाक्य खरे असू शकते. तो फोन करणे हे बातमीदाराचे काम होते. ते झाले नाही, आणि तरीही ‘प्रतिनिधी’ हा शब्द छापला गेला, इथे पहिली गफलत होते. ती कायद्यात कुठे बसत नाही आणि तिच्यामुळे कोणाची नोकरी जात नाही. म्हणूनच ती रोज होते.

हीच गफलत पैशाच्या बळावर व्हायला लागली, की तिला पेड न्यूज म्हणतात. महाराष्ट्राने तिचे सर्वांत ठळक उदाहरण २००९च्या विधानसभा निवडणुकीत पाहिले. मतदान १३ ऑक्टोबरला झाले. त्याच्या आधीच्या दिवसांत राज्यातल्या मोठ्या मराठी दैनिकांतून तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्यावर पानेच्या पाने मजकूर आला. ते नांदेड जिल्ह्यातील भोकर मतदारसंघातून उभे होते. ‘द हिंदू’चे तेव्हाचे ग्रामीण घडामोडींचे संपादक पी. साईनाथ यांनी ही पाने जमवली आणि शेजारी शेजारी ठेवून वाचली. ‘तरुण, तडफदार’ नेतृत्वाचे गुणगान करणारा एक मजकूर, एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या तीन दैनिकांत शब्दशः सारखा छापला गेला होता. कुठेही ‘जाहिरात’ असा शब्द नव्हता. तीन वेगवेगळ्या कचेऱ्यांतल्या तीन बातमीदारांना एकच वाक्यरचना, एकच विरामचिन्हे सुचणे शक्य नाही. मजकूर बाहेरून आला होता, एवढे तरी ती पानेच सांगत होती.

दुसऱ्या बाजूला होता उमेदवाराने निवडणूक आयोगाला दिलेला खर्चाचा हिशेब. विधानसभेच्या उमेदवाराला तेव्हा १० लाख रुपयांपर्यंत खर्चाची मुभा होती. चव्हाण यांच्या हिशेबात वृत्तपत्रांतील जाहिरातींचा खर्च होता ५,३७९ रुपये आणि केबल वाहिन्यांवरचा ६,००० रुपये. ही सगळी पाने जाहिरातीच्या दराने मोजली असती तर खर्चाची मर्यादा केव्हाच ओलांडली गेली असती. चव्हाण यांनी मजकुरासाठी पैसे दिल्याचा आरोप नाकारला. ही आमची नेहमीची राजकीय वार्तांकनाची पाने आहेत, अशी भूमिका वृत्तपत्रांकडूनही मांडली गेली. पराभूत उमेदवार माधवराव किन्हाळकर यांच्यासह काहींनी आयोगाकडे तक्रार केली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. खर्चाचा हिशेब खरा आहे की नाही हे तपासण्याचा अधिकार आयोगाला आहे, असे न्यायालयाने मे २०१४ मध्ये स्पष्ट केले. जुलैमध्ये आयोगाने हिशेब कायद्याप्रमाणे दिला गेला नसल्याचे सांगत चव्हाण यांना नोटीस बजावली. सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि आयोगाचा आदेश रद्द झाला.

या प्रकरणातून पेड न्यूज सिद्ध करणे किती कठीण आहे ते दिसते. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ७७व्या कलमानुसार उमेदवाराने स्वतः केलेला किंवा त्याच्या संमतीने झालेला खर्चच हिशेबात धरला जातो. पैसे रोखीने गेले, पावती फाडली गेली नाही, देणारा आणि घेणारा दोघेही गप्प राहिले, तर ही संमती दाखवायची कशी? व्यवहारातल्या दोन्ही पक्षांचा त्यात फायदा असतो. नुकसान होते ते वाचणाऱ्या मतदाराचे, आणि त्याला तर व्यवहार झाल्याचेच माहीत नसते. देशात पेड न्यूजवरून पहिली अपात्रता झाली ती उत्तर प्रदेशात. बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांनी दोन हिंदी दैनिकांतील मजकुराचा २१,२५० रुपयांचा खर्च दाखवला नव्हता, म्हणून आयोगाने ऑक्टोबर २०११ मध्ये त्यांना तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले.

वृत्तपत्रांच्या आचरणावर नजर ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलने याच काळात परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी या दोन सदस्यांची उपसमिती नेमली होती. त्यांनी उमेदवार, पत्रकार, संपादक यांच्याशी बोलून ७१ पानांचा अहवाल तयार केला. त्यात वृत्तपत्रांची आणि वाहिन्यांची नावे होती. स्तुतीपर बातमीचा दर, प्रतिस्पर्ध्याविरुद्धच्या बातमीचा दर, आणि पैसे न देणाऱ्याचे नावही न छापण्याची पद्धत, हे सगळे तपशील होते. जुलै २०१० मध्ये कौन्सिलने जो अहवाल स्वीकारला त्यातून ही नावे गळाली. मूळ अहवाल लोकांसमोर अधिकृतपणे आला तो २०११ मध्ये, केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर. दुसऱ्यांची गुपिते बाहेर काढणे ज्यांचे काम, त्या व्यवसायाच्या संस्थेकडून माहिती मिळवायला माहितीचा अधिकार वापरावा लागला, ही शरमेची गोष्ट आहे आणि ती तशीच नोंदवली पाहिजे.

पेड न्यूजचा दोष सहसा बातमीदाराच्या माथी मारला जातो. तालुक्याच्या वार्ताहराची स्थिती पाहिली तर हा न्याय अपुरा वाटतो. अनेक दैनिकांत तो पगारी नोकर नसतो. महिन्याचे किरकोळ मानधन किंवा बातमीमागे काही रक्कम, आणि खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनची. वर्धापनदिनाची पुरवणी, दिवाळी, नेत्यांचे वाढदिवस, ग्रामपंचायतीचे शुभेच्छा फलक यांतून त्याने ठरावीक रकमेच्या जाहिराती आणायच्या असतात. तालुक्यात जाहिरात देऊ शकणारी माणसे मोजकी : कारखान्याचा अध्यक्ष, बँकेचा संचालक, जिल्हा परिषदेचा सदस्य, बांधकाम ठेकेदार, शिक्षणसम्राट. ज्यांना प्रश्न विचारायचे त्यांच्याच दारात पुरवणीचे दरपत्रक घेऊन उभे राहायचे. रस्त्याच्या कामातल्या निकृष्ट खडीची बातमी पाठवली तर ठेकेदाराची अर्ध्या पानाची जाहिरात गेली, आणि ती का गेली हे मुख्य कार्यालयातून विचारले जाते. ही रचना मालकांनी उभी केली आहे. बातमी आणि जाहिरात या दोन खात्यांत भिंत असली पाहिजे, हे तत्त्व संपादकीय विभागाच्या भिंतीवर लावून तालुक्यात एकाच माणसाच्या दोन खिशांत दोन्ही खाती कोंबायची, यात वार्ताहराच्या निवडीला जागा फारच थोडी उरते.

वरच्या पातळीवर हाच व्यवहार अधिक सफाईने होतो. या शतकाच्या पहिल्या दशकात काही मोठ्या माध्यमसमूहांनी कंपन्यांशी ‘प्रायव्हेट ट्रीटी’ करायला सुरुवात केली. कंपनीने शेअर द्यायचे आणि त्या बदल्यात जाहिरातीची जागा घ्यायची, असा हा करार. ज्या कंपनीचे शेअर आपल्याच तिजोरीत आहेत तिच्याविषयीची अप्रिय बातमी छापताना काय होणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. सेबीने २०१० मध्ये असे हितसंबंध वाचकाला कळतील अशा रीतीने उघड करण्याचे बंधन घातले. प्रश्न नैतिक होता, तरी आधी दखल घेतली ती गुंतवणूकदारांची काळजी वाहणाऱ्या संस्थेने.

पैशाइतकाच जुना दुसरा पेच आहे खातरजमेचा. त्याचा मराठी पत्रकारितेतला धडा ‘केसरी’च्या दुसऱ्याच वर्षातला आहे. दिवाण महादेव बर्वे कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा छळ करतात, असा लोकांत बोभाटा होता. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी बर्व्यांवर टीकेची झोड उठवली आणि आपल्या हाती आलेल्या पत्रांच्या आधारे गंभीर आरोप केले. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि ती पत्रे बनावट निघाली. संपादक टिळक आणि आगरकर यांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. शिक्षेत काही सूट मिळून त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले आणि आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले. या दोघांच्या हेतूबद्दल कोणीही शंका घेतली नाही. पुण्यामुंबईत त्यांचे स्वागतच झाले. पण हेतू शुद्ध असला म्हणून कागद खरा ठरत नाही. हाती आलेला पुरावा आपल्या मताला पुष्टी देणारा असेल, तर तो अधिक कडकपणे तपासावा लागतो. आज व्हॉट्सअॅपवर फिरणारे पत्र, कापून जोडलेली चित्रफीत किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेला आवाज हाती पडला, की बातमीदारापुढे बर्वे प्रकरणातलाच प्रश्न असतो. त्याला वेळ मात्र तेव्हाच्या साप्ताहिकापेक्षा कितीतरी कमी मिळतो.

गंमत म्हणजे जनसंपर्काच्या व्यवसायाचा पायाही खातरजमेच्याच वचनावर घातला गेला आणि तिथेच घसरला. अमेरिकेत आयव्ही ली या माजी पत्रकाराने १९०६ मध्ये वृत्तपत्रांना उद्देशून एक तत्त्वपत्रक काढले. आपण काम उघडपणे करतो, माहिती तत्पर आणि अचूक देतो, कोणत्याही वृत्तपत्राला ती तपासायची असेल तर मदत करतो, असा त्याचा आशय होता. तोवर कंपन्यांचे धोरण पत्रकारांना दारातूनच घालवून देण्याचे होते, त्यामुळे हे पाऊल मोठे होते. १९१४ मध्ये कोलोरॅडोतील लुडलो येथे संपावरच्या खाणकामगारांवर गोळीबार झाला. कामगारांच्या तंबूंना आग लागली आणि त्यात बायकामुलेही मेली. खाण कंपनी रॉकफेलर कुटुंबाच्या ताब्यातली होती. लीने कंपनीच्या वतीने पत्रके काढली आणि त्यांत कामगार पुढाऱ्यांच्या कमाईचे फुगवलेले आकडे छापले गेले. कंपनीने दिलेली माहिती आपण पडताळली नव्हती, हे पुढे चौकशी आयोगासमोर त्याला मान्य करावे लागले. तत्त्वपत्रक लिहिणाऱ्यालाच ते आठ वर्षांनी पाळता आले नाही. अशिलाने सांगितले तेच खरे मानायचे, की त्यालाही प्रश्न विचारायचे, हा प्रत्येक जनसंपर्क अधिकाऱ्यापुढचा रोजचा प्रश्न आहे. प्रश्न विचारणाऱ्याचे कंत्राट जाऊ शकते, आणि न विचारणारा दुसऱ्याच्या खोटेपणाचा वाहक बनतो.

त्याहून गंभीर प्रकार म्हणजे अशीलच लपवणे. १० ऑक्टोबर १९९० रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी काँग्रेस सदस्यांच्या मानवी हक्क गटापुढे १५ वर्षांच्या एका कुवेती मुलीने साक्ष दिली. इराकी सैनिकांनी रुग्णालयात घुसून अर्भकांना इन्क्युबेटरमधून बाहेर काढून मरायला टाकले, आणि हे आपण डोळ्यांनी पाहिले, असे तिने रडत सांगितले. ही साक्ष जगभर दाखवली गेली, अमेरिकेच्या अध्यक्षांनी ती पुन्हा पुन्हा सांगितली आणि काही महिन्यांत आखाती युद्ध सुरू झाले. जानेवारी १९९२ मध्ये उघड झाले, की ती कुवेतच्या अमेरिकेतील राजदूताची मुलगी होती. साक्षीची तयारी हिल अँड नोल्टन या जनसंपर्क कंपनीने करून घेतली होती. ‘स्वतंत्र कुवेतसाठी नागरिक’ अशा नावाच्या गटाने या कंपनीला एक कोटीहून अधिक डॉलर दिले आणि त्यातला जवळजवळ सगळा पैसा कुवेत सरकारचा होता. इन्क्युबेटरच्या कथेला नंतरच्या तपासात आधार मिळाला नाही. नागरिकांचा गट वाटावा असा मुखवटा चढवून सरकारने किंवा कंपनीने बोलायचे, ही युक्ती तेव्हाही नवी नव्हती आणि आजही ती जोरात आहे. पर्यावरण, शेती, आरोग्य अशा विषयांवर अचानक उगवणाऱ्या ‘मंच’ आणि ‘फोरम’च्या पत्रकार परिषदेला जाताना बातमीदाराने पहिला प्रश्न पैशाचा विचारला पाहिजे, तो यासाठी.

दक्षिण आफ्रिकेत अशाच मुखवट्याने एका नामांकित जनसंपर्क कंपनीचा अंत झाला. मूळचे सहारनपूरचे गुप्ता बंधू तिथे तेव्हाचे अध्यक्ष जेकब झुमा यांच्याशी असलेल्या जवळिकीमुळे वादात सापडले होते. त्यांच्या ओकबे कंपनीने २०१६ मध्ये लंडनच्या बेल पॉटिंजरला काम दिले. टीकेचा रोख वळवण्यासाठी ‘गोऱ्यांची मक्तेदारी’ हा मुद्दा पेटवणारी मोहीम समाजमाध्यमांवर चालवली गेली. वर्णभेदाच्या जखमा भरत असलेल्या देशात हे आगीशी खेळणे होते. ब्रिटनमधील जनसंपर्क व्यावसायिकांच्या संघटनेने सप्टेंबर २०१७ मध्ये बेल पॉटिंजरला पाच वर्षांसाठी बाहेर काढले. ग्राहक पळाले आणि काही दिवसांतच कंपनी दिवाळखोरीत गेली. व्यावसायिक संघटनेच्या शिक्षेला असा परिणाम क्वचितच लाभतो.

संकटकाळात मालकाला खरे बोलायला लावणे हे जनसंपर्क अधिकाऱ्याचे सर्वांत अवघड आणि सर्वांत उपयोगाचे काम. १९८२ मध्ये शिकागो परिसरात टायलेनॉल गोळ्यांत कोणीतरी सायनाइड मिसळले आणि सात माणसे दगावली. जॉन्सन अँड जॉन्सनने लोकांना गोळ्या घेऊ नका असे जाहीरपणे सांगितले, पत्रकारांसाठी दारे उघडी ठेवली आणि देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत घेतल्या. विष कंपनीच्या कारखान्यात मिसळलेले नव्हते, त्यामुळे खरे बोलणे तुलनेने सोपे होते, हेही ध्यानात घ्यायला हवे. खरी कसोटी लागते ती चूक आपलीच असते तेव्हा. रुग्णालयात आग लागली आणि अग्निशमन यंत्रणेची तपासणी झालेली नव्हती हे पीआरओला माहीत आहे. बाहेर नातेवाईक आणि कॅमेरे उभे आहेत, वरून निरोप आहे ‘चौकशी सुरू आहे एवढेच सांगा’. मृतांचा आकडा, जखमींना कुठे हलवले, नातेवाइकांनी कोणाला भेटायचे, ही माहिती रोखण्याचा अधिकार कोणत्याही मालकाला नाही. दोष कोणाचा हे लगेच सांगता येत नसेल तर तसे सांगता येते, पण जे ठाऊक आहे ते ठाऊक नाही असे सांगणे खोटेपणात मोडते. या दोहोंमधल्या फटीत अनेक प्रामाणिक अधिकाऱ्यांची घुसमट होते.

दोन्ही पेशांची जवळीक हा आणखी एक नाजूक भाग. नोव्हेंबर २०१० मध्ये ‘ओपन’ आणि ‘आउटलुक’ या साप्ताहिकांनी नीरा राडिया यांच्या दूरध्वनी संभाषणांचा मजकूर छापला. टाटा आणि रिलायन्स या दोन्ही उद्योगसमूहांचे जनसंपर्काचे काम त्यांच्या कंपन्यांकडे होते आणि आयकर विभागाने २००८-०९ मध्ये त्यांचे फोन ध्वनिमुद्रित केले होते. २००९च्या मंत्रिमंडळात दूरसंचार खाते कोणाला मिळावे याच्या चर्चेत काही नामवंत पत्रकार निरोप पोचवताना ऐकू आले. आपण फक्त माहिती काढण्यासाठी बोलत होतो, असे त्यांचे म्हणणे होते. माहिती काढायची तर माणसांशी गोड बोलावे लागते, हे प्रत्येक बातमीदार जाणतो, त्यामुळे हा बचाव सरसकट फेटाळता येत नाही. पण निरोप्या होऊन मिळालेली माहिती वाचकापर्यंत न पोचता बातमीदारापाशीच थांबत असेल, तर तो कोणासाठी काम करत होता? संभाषणे फोडण्यात खासगीपणाचा भंग झाला, अशी तक्रार घेऊन रतन टाटा सर्वोच्च न्यायालयात गेले. संभाषणांत गुन्हेगारी स्वरूपाचे काही आढळले नाही, असे सीबीआयने २०२२ मध्ये न्यायालयाला सांगितले. गुन्हा नसला तरी सत्तेच्या दिवाणखान्यात बातमीदार कसा रमतो, याचे दर्शन त्यातून झाले. अनेक मोठ्या वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी सुरुवातीचे काही दिवस या विषयावर मौन पाळले, तेही तितकेच बोलके होते.

बातमीने होणारी इजा हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, तरी दोन गोष्टी इथे सांगायला हव्यात. २६ नोव्हेंबर २००८च्या मुंबईवरील हल्ल्यात वाहिन्यांनी ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाऊसमधील कारवाई थेट दाखवली आणि पाकिस्तानात बसलेले सूत्रधार ती पाहून दहशतवाद्यांना फोनवर सूचना देत होते. दहशतवादी कसाबच्या खटल्यात ऑगस्ट २०१२ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने या प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. २०१५ मध्ये नियम बदलला. आता दहशतवादविरोधी कारवाईचे थेट प्रक्षेपण करता येत नाही, नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहितीच दाखवायची. निष्पाप माणसांच्या जिवासाठी हे योग्यच झाले. मात्र अशा प्रसंगी लोकांना कळणारे सत्य एका सरकारी प्रवक्त्याच्या प्रामाणिकपणावर अवलंबून राहिले, ही त्याची किंमत आहे. दुसरी गोष्ट पीडितांच्या ओळखीची. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे आणि बालकांच्या बाबतीत पोक्सो कायदा आणखी कडक आहे. तरीही २०१८ मध्ये कठुआतील पीडित बालिकेचे नाव आणि छायाचित्र सर्रास छापले गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने संबंधित माध्यमसंस्थांना प्रत्येकी १० लाख रुपये भरायला लावले. नाव वगळून गाव, शाळा आणि वडिलांचा धंदा छापणे हाही त्याच अपराधाचा भाग आहे, हे डेस्कवर अजून पुरेसे मुरलेले नाही.

सूत्राचे नाव गुप्त ठेवणे हा पत्रकाराचा जुना धर्म. भारतीय कायद्याचा त्याला आधार तोकडा आहे. प्रेस कौन्सिल कायदा १९७८ नुसार कौन्सिलपुढे सूत्र उघड करण्याची सक्ती नाही, पण न्यायालयात असे संरक्षण कायद्याने दिलेले नाही. विधी आयोगाने १९८३ मध्येच पुरावा कायद्यात तशी तरतूद सुचवली होती. ती झाली नाही. सूत्र जपण्याचे वचन देताना ते पाळण्यासाठी तुरुंगात जायची तयारी आहे का, हे बातमीदाराने आधी स्वतःशी ठरवावे लागते. तालुक्याच्या पातळीवर धोका याहून जवळचा असतो. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे रिफायनरीच्या वादाविषयी लिहीत होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांच्या दुचाकीला गाडीने उडवले आणि त्यांचा मृत्यू झाला. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धचा कायदा महाराष्ट्राने २०१७ मध्येच केला होता. जिवाची अशी भीती असताना कोणी बातमी दाबली, तर त्याला पाकीट घेऊन बातमी दाबणाऱ्याच्या पंगतीत बसवणे अन्यायाचे होईल.

या सगळ्यावर नजर ठेवायला संस्था आहेत. प्रेस कौन्सिल १९६६ मध्ये स्थापन झाले, आणीबाणीत बरखास्त झाले आणि १९७८च्या कायद्याने पुन्हा उभे राहिले. त्याची पत्रकारितेच्या आचरणाची नियमावली तपशीलवार आहे, पण दोषी वृत्तपत्राला समज देणे, ताकीद देणे, निषेध नोंदवणे यापलीकडे त्याला काही करता येत नाही. वाहिन्या त्याच्या कक्षेत येत नाहीत. त्यांनी स्वतःच उभारलेली नियमन संस्था जास्तीत जास्त एक लाख रुपये दंड करू शकते. अभिनेता सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूच्या वार्तांकनावर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये निकाल देताना वाहिन्यांनीही आत्महत्येच्या बातम्यांबाबत प्रेस कौन्सिलचे निकष पाळावेत असे सांगितले. त्या निकालाविरुद्धच्या अपिलात, एक लाखाच्या दंडाला कोण भीक घालणार, अशा आशयाचा शेरा सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मारला. जनसंपर्काच्या क्षेत्रात एवढेही नाही. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडियाने २१ एप्रिल १९६८ रोजी अथेन्स आचारसंहिता स्वीकारली. तो दिवस राष्ट्रीय जनसंपर्क दिन म्हणून पाळला जातो. पण सभासदत्व ऐच्छिक आहे आणि सभासद नसलेल्यालाही उद्या सकाळी पाटी लावून धंदा सुरू करता येतो.

बोलविता धनी उघड करण्याचा सर्वांत स्पष्ट नियम सध्या वृत्तपत्रांपेक्षा समाजमाध्यमांवरच्या इन्फ्लुएन्सरांना लागू आहे. जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये आणि केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३ मध्ये त्यांच्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पैसे, फुकट वस्तू, सहल किंवा शेअर घेऊन एखाद्या उत्पादनाची भलामण केली, तर ती जाहिरात आहे हे सहज दिसेल असे सांगावे लागते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्यांदा १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि भलामण करणाऱ्यावर वर्षभराची बंदीही येऊ शकते. साबणाची पैसे घेऊन केलेली स्तुती लपवणाऱ्याला आज ही भीती आहे. उमेदवाराची पैसे घेऊन केलेली स्तुती बातमी म्हणून छापणाऱ्याला ती नाही. पेड न्यूज हा निवडणूक गुन्हा ठरवावा आणि राजकीय जाहिरातीवर तसा उल्लेख सक्तीचा करावा, अशी शिफारस विधी आयोगाने मार्च २०१५च्या २५५व्या अहवालात केली होती. ती अमलात येत नाही तोवर जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयातील माध्यम संनियंत्रण समिती निवडणुकीच्या काळात पेपर चाळते, संशयित मजकूर कापून ठेवते आणि त्याचा खर्च उमेदवाराच्या खात्यात धरण्याची नोटीस काढते. वृत्तपत्राचे प्रकरण प्रेस कौन्सिलकडे जाते.